पाणी तापलं की माशाला धाप का लागते

मे महिन्यात दुपारी लाईट गेली की फिश टँककडे कधी नीट बघितलंय का? एअर पंप बंद, पंखा बंद, खोली तापलेली, आणि थोड्या वेळात सगळे मासे वर येतात आणि पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावून उघडझाप करत राहतात. आमच्याकडे लहानपणी असं झालं की आई म्हणायची गरम होतंय बिचाऱ्यांना, आणि बाबा म्हणायचे गरम वगैरे काही नाही, हवा कमी पडतेय. दोघांचंही बरोबर होतं. पुढे समुद्री जीवांबद्दल वाचायला लागलो तेव्हा कळलं की गरम होणं आणि हवा कमी पडणं या दोन गोष्टी माशाच्या शरीरात एकाच ठिकाणी येऊन भिडतात, आणि तिथेच ठरतं की तो मासा त्या पाण्यात राहणार, वाढणार, अंडी घालणार की तिथून निघून जाणार.

आधी खर्चाची बाजू बघू. कुठल्याही प्राण्याच्या पेशीत चोवीस तास रासायनिक कामं चालू असतात, खाल्लेलं अन्न मोडायचं, त्यातून ऊर्जा काढायची, ती हृदय चालवायला, मीठ-पाण्याचा तोल राखायला, जुनी प्रोटीन्स बदलायला वापरायची. या सगळ्याला मिळून मेटाबॉलिझम म्हणतात, शाळेच्या पुस्तकात चयापचय. आता ही रासायनिक कामं किती वेगाने होतात ते तापमानावर अवलंबून असतं, गरम असलं की रेणू जास्त जोरात हलतात आणि क्रिया पटापट होतात. आपल्याला हे जाणवत नाही कारण आपलं शरीर आतून 37 डिग्रीवर ठेवलेलं असतं, बाहेर मुंबईचा मे असो नाहीतर मनालीचा जानेवारी. माशाचं तसं नाही. पाणी 22 डिग्री तर मासा साधारण 22, पाणी 30 तर मासाही 30. त्याने आत उष्णता तयार केली तरी रक्त ऑक्सिजन घ्यायला कल्ल्यांत येतं तेव्हा पाण्याला इतकं चिकटून वाहतं की सगळी उष्णता तिथेच निघून जाते. कुप्यासारखे म्हणजे ट्युनासारखे काही थोडे मासे रक्तवाहिन्यांची खास जाळी वापरून पोहण्याचे स्नायू गरम ठेवतात, पण ते अपवाद. खेकडे, कोळंबी, माकुळ, तिसऱ्या, बांगडा, तारली हे सगळे पाण्याच्या तापमानाने बांधलेले.

आणि ही बांधणी किती घट्ट आहे बघा. ढोबळ नियम असा आहे की तापमान 10 डिग्रीने वाढलं की अशा प्राण्याचा मेटाबॉलिझम साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणजे मासा काहीही न करता, एका जागी नुसता तरंगत असला तरी, 20 डिग्रीच्या पाण्यात जेवढा ऑक्सिजन त्याला नुसतं जिवंत राहायला लागतो त्याच्या दुप्पट किंवा जास्त 30 डिग्रीला लागतो. त्याने काही ठरवलेलं नसतं, ना जास्त पोहला ना जास्त खाल्लं, फक्त पाणी तापलं आणि खर्च वाढला.

आता पुरवठा. एक लिटर हवेत ऑक्सिजन असतो साधारण 210 मिलिलिटर. एक लिटर समुद्राच्या पाण्यात, तेही पृष्ठभागावरच्या, हवेशी छान मिसळलेल्या पाण्यात, गोठायच्या बेतातल्या थंडीत असतो जेमतेम 8 मिलिलिटर आणि 30 डिग्रीला साडेचारच्या आसपास. म्हणजे आपल्या कोकण किनाऱ्याच्या उबदार पाण्यात हवेच्या मानाने पंचेचाळीस-पन्नास पट कमी. पाणी तापलं की वायू बाहेर पडतो हे सगळ्यांनी बघितलंय, गरम झालेली सोड्याची बाटली उघडली की फसकन् सगळा गॅस जातो, ऑक्सिजनचंही तेच. त्यात पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट जड, म्हणजे एवढा थोडा ऑक्सिजन मिळवायला माशाला एवढी जड गोष्ट सतत तोंडातून आत घेऊन कल्ल्यांवरून बाहेर ढकलावी लागते, आणि या ढकलण्यालाही ऊर्जा लागते, म्हणजे पुन्हा ऑक्सिजनच.

मला कल्ल्यांबद्दल खरंच फार आदर वाटतो. त्यात पाणी एका दिशेने वाहतं आणि रक्त बरोबर उलट दिशेने, त्यामुळे रक्त पुढे पुढे जातं तसं त्याला कायम आपल्यापेक्षा जास्त ऑक्सिजन असलेलं पाणी भेटत राहतं आणि शेवटपर्यंत ऑक्सिजन रक्तात शिरत राहतो. आपण श्वासातल्या ऑक्सिजनचा चौथा हिस्सा वापरतो आणि बाकीचा तसाच परत सोडतो, चांगला मासा पाण्यातला 80 टक्क्यांपर्यंत काढून घेऊ शकतो. एवढं करूनही त्याची ओढाताण असतेच, कारण मुळात पाण्यात आहेच किती.

इथे एक गोष्ट बरेच लेख चुकीची सांगतात म्हणून मुद्दाम लिहितो. लोकांना वाटतं गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो एवढाच प्रॉब्लेम. पण आकडे बघा, 20 वरून 30 डिग्रीवर गेलं तर समुद्राच्या पाण्यात विरघळणारा ऑक्सिजन साधारण 15 टक्क्यांनी कमी होतो, आणि त्याच 10 डिग्रीत माशाची गरज दुप्पट किंवा जास्त होते. म्हणजे जास्त मोठा धक्का खर्चाच्या बाजूने येतो. अर्थात हे हवेशी नीट मिसळलेल्या पाण्याबद्दल झालं, समुद्रात अशा जागा आहेत जिथे पुरवठाच कोसळतो, त्या पुढे येतीलच.

हे समजायला मला घरखर्चाचा हिशोब बरा वाटतो. समजा महिन्याचा पगार 50 हजार आणि भाडं, किराणा, लाईट बिल, औषधं मिळून 15 हजार. उरले 35. या 35 मध्ये मुलांची फी, लग्नकार्य, आजारपण, सेव्हिंग सगळं. माशाच्या बाबतीत पगार म्हणजे त्याचे कल्ले, हृदय आणि रक्त मिळून जास्तीत जास्त किती ऑक्सिजन पेशींपर्यंत पोचवू शकतात तो आकडा, घरखर्च म्हणजे नुसतं जिवंत राहायला लागणारा ऑक्सिजन, आणि शिल्लक म्हणजे बाकी सगळं आयुष्य. भक्ष्याच्या मागे धावणं, शार्कपासून पळणं, वाढणं, अंडी तयार करणं, सगळं या शिलकीतून. जेवण पचवणंसुद्धा, पोटभर खाल्ल्यावर माशाची ऑक्सिजनची गरज बराच वेळ वाढलेली राहते, त्यामुळे पाणी फार तापलं की बरेच मासे आधी खाणं कमी करतात. फ्रेड फ्राय नावाच्या कॅनडातल्या शास्त्रज्ञाने 1947 मध्ये ही शिलकीची कल्पना नीट मांडली होती.

पाणी हळूहळू तापत गेलं तर सुरुवातीला मजा असते. हृदयही जोरात चालायला लागतं, म्हणजे खर्चाबरोबर पगारही वाढतो, शिल्लक वाढते, मासा जास्त चपळ होतो, पटापट वाढतो. मग एक टप्पा येतो जिथे हृदय आणि कल्ल्यांची मर्यादा संपते, पगार तिथे थांबतो, पण खर्च थांबत नाही, तो प्रत्येक डिग्रीला वाढतच जातो. शिल्लक 35 ची 25, 25 ची 10. आणि त्यात पाण्यातला ऑक्सिजनच कमी झाला तर पगारही कापला जातो. म्हणून एखादा मासा भरपूर ऑक्सिजनच्या पाण्यात 30 डिग्री आरामात सोसतो आणि कमी ऑक्सिजनमध्ये 26 ला पण हैराण होतो असं होऊ शकतं, तापमान तेवढंच बघून किंवा ऑक्सिजन तेवढाच बघून काही सांगता येत नाही.

शिल्लक शून्य झाली की मासा लगेच मरतो असंही नाही. थोडा वेळ तो ऑक्सिजनशिवाय ऊर्जा काढतो, आपण जोरात धावल्यावर स्नायूंत होतं तसं. पण ते फार महाग पडतं, ग्लुकोजच्या एका रेणूपासून ऑक्सिजन वापरून एटीपी नावाचे ऊर्जेचे रेणू साधारण 30 मिळतात, ऑक्सिजनशिवाय फक्त 2. उधारीवर किती दिवस घर चालणार.

हान्स-ओटो पोर्टनर हे समुद्री जीवशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्याने जर्मनीच्या किनाऱ्याजवळच्या वाडन समुद्रातल्या ईलपाऊट माशावर काम केलं, 2007 मध्ये ते छापून आलं. त्यांना दिसलं की कडक उन्हाळ्याच्या वर्षांत हा मासा कमी होतो, आणि तो कमी व्हायला लागतो ते त्याला मारून टाकणाऱ्या तापमानाच्या बरंच आधी, जिथे त्याची शिल्लक आटायला लागते तिथेच. मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण आपण बातमीत मेलेले मासे शोधतो, किनाऱ्यावर खच पडला तर फोटो येतो, पण खरा परिणाम त्याआधी झालेला असतो, मासा बारीक राहिला, अंडी कमी घातली, जागा सोडून गेला, याचा फोटो निघत नाही. हे सगळ्या शास्त्रज्ञांना पूर्ण मान्य आहे असं मात्र नाही. काही प्रजातींमध्ये उष्णतेने मज्जासंस्था किंवा हृदयाचा ठोका आधी बिघडतो आणि ऑक्सिजनची शिल्लक तोपर्यंत बऱ्यापैकी असते असं प्रयोगांत दिसलंय, वाद अजून चालू आहे. पण गरम पाणी आणि कमी ऑक्सिजन एकत्र आले की दोन्ही एकमेकांना जास्त वाईट करतात, यावर फारसा वाद नाही.

सगळ्यात नाजूक कोण, तर अंडी आणि अंडी घालायला आलेले मासे. अंड्यातल्या पिल्लाला अजून कल्ले नीट नसतात, हृदय धड तयार नसतं, ऑक्सिजन नुसता पापुद्र्यातून झिरपून आत येतो, म्हणजे पगारच तुटपुंजा. आणि पोटात अंडी धरलेल्या मादीला स्वतःबरोबर त्या अंड्यांचाही खर्च. 2020 मध्ये जवळपास 700 माशांच्या प्रजातींची माहिती एकत्र करून बघितली तेव्हा या दोन अवस्थांना सोसवणारी तापमानाची पट्टी बाकीच्या मोठ्या माशांपेक्षा बरीच अरुंद निघाली. म्हणजे समुद्रात मोठे मासे ठणठणीत दिसत असले तरी पुढची पिढी अडकलेली असू शकते.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. अंटार्क्टिकाच्या समुद्रात आईसफिश नावाचे मासे आहेत ज्यांच्या रक्तात हिमोग्लोबिनच नाही, रक्त पाण्यासारखं फिकट. ऐकून वाटतं हे जगतातच कसे. पण तिथलं पाणी उणे 2 डिग्रीच्या जवळ, म्हणजे ऑक्सिजन ठासून भरलेला आणि माशाचा खर्च अगदी कमी, त्यामुळे मोठं हृदय आणि जास्त रक्त एवढ्यावर भागून जातं, ऑक्सिजन नुसता रक्तात विरघळून वाहतो. ही सोय फक्त तिथेच चालते. पाणी तापलं तर या माशांना जायला त्याहून थंड समुद्र शिल्लकच नाही.

आपल्याकडच्या किनाऱ्यावरचे जीव याच्या अगदी उलट, तगडे. भरती ओसरल्यावर कोकणातल्या खडकांवर जी डबकी उरतात त्यात दुपारी हात घालून बघा, पाणी चक्क कोमट असतं, पण तेव्हा शेवाळ उन्हात ऑक्सिजन बनवत असतं म्हणून निभावतं. खरी परीक्षा रात्रीची, शेवाळही श्वास घेतं, डबक्यातले खेकडे, गोगलगायी, छोटे मासे सगळे घेतात, बनवणारं कोणी नाही, आणि पहाटेपर्यंत ऑक्सिजन तळाला जातो. तिसऱ्या आणि कालवं सरळ शिंपला मिटून घेतात आणि मेटाबॉलिझम एकदम खाली आणतात, दुकान बंद करून बसल्यासारखं, खर्चच नाही तर पगाराची चिंता नाही. आणि खाडीच्या चिखलातला निवटी मासा तर पाण्याची वाटच बघत नाही, ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या भागातून सरळ हवेतला ऑक्सिजन घेतो, 210 मिलिलिटरच्या दुकानात उधारी कशाला.

हे सगळं एका आकड्यात बसवायचा प्रयत्न कर्टिस डॉइच हे समुद्रशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये केला, त्याला मेटाबॉलिक इंडेक्स म्हणतात. कल्पना साधी, एखाद्या जागी पाण्यातून प्राण्याला मिळू शकणारा ऑक्सिजन भागिले त्या तापमानाला त्याला नुसतं जिवंत राहायला लागणारा ऑक्सिजन. उत्तर 1 आलं तर श्वास घेऊन बसून राहता येईल, बस. त्यांनी अटलांटिकमधल्या कॉडसारख्या काही प्राण्यांचं बघितलं तर ते जिथपर्यंत सापडतात त्या उबदार टोकाला हा आकडा साधारण 2 ते 5 च्या मध्ये येत होता. म्हणजे गरजेच्या दुप्पट ते पाचपट पुरवठा असल्याशिवाय ते तिथे वस्तीच करत नाहीत. पुढे 2018 मध्ये जस्टिन पेन आणि डॉइच यांनी हाच हिशोब 25 कोटी 20 लाख वर्षांपूर्वीच्या समुद्राला लावला, तेव्हा सैबेरियातल्या ज्वालामुखींमुळे पृथ्वी तापली, उष्ण कटिबंधातलं पाणी साधारण 10 डिग्रीने वाढलं, समुद्राने आपला बहुतेक ऑक्सिजन गमावला आणि समुद्री प्रजातींचा फार मोठा हिस्सा कायमचा संपला. त्यांच्या मॉडेलप्रमाणे सगळ्यात जास्त प्रजाती ध्रुवांकडच्या जायला हव्या होत्या, कारण उष्ण कटिबंधातल्या जीवांना गरम आणि कमी ऑक्सिजनची थोडी तरी सवय होती, आणि जीवाश्म तपासले तर तसंच दिसलं.

आणि आता अरबी समुद्र. आपल्याला पृष्ठभाग दिसतो म्हणून माहीत नसतं, पण साधारण 150 मीटरपासून 1000 मीटरपर्यंत या समुद्राच्या पोटात कमी ऑक्सिजनचा प्रचंड पट्टा आहे, जगातल्या सगळ्यात जाड पट्ट्यांपैकी एक, आणि त्याच्या मधल्या भागात ऑक्सिजन जवळजवळ शून्य. कारण असं की पावसाळ्याच्या वाऱ्यांनी खालचं खतासारखं पोषक पाणी वर येतं, प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, ते अफाट वाढतं, मरून खाली पडतं, आणि ते कुजवताना जीवाणू ऑक्सिजन संपवून टाकतात. उत्तरेला जमीन, समुद्र बंद, त्यामुळे खालच्या थरांत ताजं पाणी पोचायला लांबून यावं लागतं आणि ते सावकाश येतं.

तरी तिथेही जीव आहेत. लँटर्नफिश नावाचे बोटभर चमकणारे मासे दिवसा या पट्ट्यात उतरून लपतात आणि रात्री खायला वर येतात. त्यांना हे जमतं त्यात थंडीचा वाटा मोठा, काही शे मीटर खाली पाणी पृष्ठभागापेक्षा खूप गार असतं, खर्च घटतो, मासा जवळजवळ पडून राहतो आणि तुटपुंज्या ऑक्सिजनवर दिवस काढतो. तेवढाच कमी ऑक्सिजन 29 डिग्रीला असता तर काही खरं नव्हतं. जगातल्या इतर समुद्रांत अशाच खोलीवर व्हॅम्पायर स्क्विड नावाचा माकुळासारखा जीव राहतो, त्याचा मेटाबॉलिझम इतका मंद आणि त्याचं तांब्यावर चालणारं निळं रक्त ऑक्सिजनला इतकं घट्ट पकडणारं की माकुळांना जे सहन होणार नाही ते त्याचं रोजचं घर आहे.

किनाऱ्याजवळ हा विषय आपल्या ताटापर्यंत येतो. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर प्रवाह असा असतो की खोलवरचं कमी ऑक्सिजनचं पाणी तळातून सरकत वर किनाऱ्याकडे येतं. वरून पाऊस आणि नद्यांचं गोडं पाणी, ते हलकं असतं म्हणून भांड्यावर झाकण ठेवल्यासारखं वर पसरतं, आणि खालच्या पाण्यात हवा मिसळू देत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोव्याजवळच्या उथळ समुद्रात तळाचा ऑक्सिजन पूर्ण संपून सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाईड तयार होतो, हे दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 मध्ये दाखवून दिलं. शेतातून आणि शहरांतून येणारं नायट्रोजन हे आणखी वाढवत असावं असंही त्यांनी म्हटलं होतं. त्याच्या कितीतरी आधी, 1950 च्या दशकाच्या शेवटी, कार्ल बान्से हे शास्त्रज्ञ कोचीला असताना त्यांनी बघितलं होतं की हे पाणी तळावर पसरलं की ट्रॉलरच्या जाळ्यात तळाचे मासे येईनासेच होतात.

ते मासे जातात कुठे, तर जिकडे हवा आहे तिकडे, वर किंवा अगदी उथळ पाण्यात. जो मासा एरवी मोठ्या भागात विखुरलेला असतो तो ऑक्सिजन असलेल्या पातळ थरात दाटीने गोळा होतो. आणि यातली मला सगळ्यात काळजी वाटणारी गोष्ट ही आहे की अशा वेळी जाळ्यात मासा जास्तही लागू शकतो. मासा वाढला म्हणून नाही, त्याला पसरायला जागा उरली नाही म्हणून. नुसता पकडीचा आकडा बघणाऱ्याला वाटेल यंदा समुद्र मेहरबान आहे.

यावर आता वाढत्या उष्णतेचा थर चढतोय. 1951 ते 2015 मध्ये उष्ण कटिबंधातल्या हिंदी महासागराचं पृष्ठभागाचं तापमान सरासरी 1 डिग्रीने वाढलं, जगाच्या सरासरीपेक्षा जास्त, आणि जगभरच्या समुद्रांतला ऑक्सिजन 1960 पासून सुमारे 2 टक्क्यांनी घटलाय. 2 टक्के ऐकायला किरकोळ, पण ती सरासरी आहे, आणि त्यातला थोडाच भाग गरम पाण्यात कमी विरघळण्यामुळे, बाकीचा बराचसा वरचं तापलेलं पाणी हलकं होऊन खालच्यात मिसळेनासं झाल्यामुळे. ज्या माशाची शिल्लक आधीच थोडी, त्याच्यासाठी वरून खर्च वाढतोय आणि खालून श्वास घ्यायची जागा आटतेय, आणि त्याला मधल्या पट्टीत राहायचंय.

नोव्हेंबरच्या सुमाराला किनाऱ्यालगतचा प्रवाह उलटा फिरतो. वरचं ताजं पाणी किनाऱ्याजवळ खाली दाबलं जातं, गोड्या पाण्याचं झाकण मोडतं, आणि गोव्याजवळच्या त्या तळावर काही आठवड्यांत पुन्हा ऑक्सिजन पोचतो. तोपर्यंत जे शिंपला मिटून बसले होते ते उघडतात, आणि जे वर पळाले होते ते हळूहळू खाली उतरायला लागतात.